टॉर्च नसलेला साडेसात हजारांचा फोन

२००३ साली आलेल्या नोकिया ११०० ला टॉर्च होता. २०११ साली आलेल्या, साडेसात हजारांच्या आसपास मिळणाऱ्या सॅमसंग गॅलक्सी वायला नव्हता. कॅमेरा होता, पण त्याला फ्लॅश नव्हता. दिवाच नाही म्हटल्यावर टॉर्च कुठून येणार? आठ वर्षांत फोन स्मार्ट झाला आणि अंधारात निकामी झाला. या एका दिव्यावरून मी आजही भांडायला तयार आहे.

कारण परभणी जिल्ह्यात तो दिवा चैनीचा नव्हता. कृषिपंपांना वीज मिळायची ती पाळीने: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री घराबाहेर पडायचा. वाटेत चिखल, साप, मोटारीच्या पेटीतल्या उघड्या वायरी. त्या वाटेवर नवा फोन कामाचा नव्हता. लोक तो घरी ठेवत आणि जुना ११०० खिशात टाकून निघत. २०११-१२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३३०० रुपये होता. म्हणजे दोन क्विंटलांहून जास्त कापूस वेचायचा, गाडीत भरायचा, मापाला लावायचा, आणि त्या पैशांत आलेली वस्तू विहिरीपर्यंतसुद्धा सोबत करणार नाही.

इथल्या अडचणी कंपन्यांना ठाऊक नव्हत्या, हे मी मानत नाही. ११०० च्या बटणांवर धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबरी आवरण होतं. घामेजल्या हातातून सटकू नये म्हणून कडा खरबरीत होत्या. 'मेड फॉर इंडिया' अशी त्याची जाहिरात झाली आणि जगभर पंचवीस कोटींवर फोन विकले गेले. २००८ साली मायक्रोमॅक्सने एक्स१आय आणला, एका चार्जिंगवर महिनाभर चालेल असं सांगून. बंगालमधल्या खेड्यात वीज नाही म्हणून ट्रकच्या बॅटरीवर सार्वजनिक फोन चालवलेला पाहून ती कल्पना सुचल्याचं त्या कंपनीच्या संस्थापकांनी सांगितलेलं आहे. धूळ, घाम, अंधार, भारनियमन, सगळ्याचा विचार झालेला होता. मग टच स्क्रीन आली आणि हे सगळं शहाणपण बाजूला पडलं.

गॅलक्सी वायची बॅटरी होती १२०० एमएएचची. जिथे घरात, ऑफिसात, गाडीत प्लग आहे तिथे ती पुरत असेल. आमच्या गावांतून त्या काळात दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची. जिंतूर तालुक्यात येलदरीला जलविद्युत केंद्र, शेजारी परळीला औष्णिक केंद्र, आणि मधल्या गावातला माणूस फोन चार्ज करायला पिठाच्या गिरणीत बसलेला. गिरणी, रसवंती, एसटी स्टँडवरचं हॉटेल, ट्रॅक्टरची बॅटरी, जिथे मिळेल तिथे लोकांनी वीज घेतली. बरेच जण जास्तीची बॅटरी विकत घेऊन खिशात बाळगत आणि ती काढून युनिव्हर्सल चार्जरच्या चिमट्यात अडकवत. त्याचे लाल-हिरवे दिवे लुकलुकायला लागले की जीव भांड्यात पडायचा.

फोन चार्ज झाला तरी काम होईलच असं नव्हतं. लाईट गेली की टॉवर डिझेलवर, आणि डिझेल संपलं की रेंज गुल. जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले निम्मे टॉवर सौर किंवा तशाच पर्यायी ऊर्जेची जोड घेऊन चालले पाहिजेत. चांगला आदेश होता. पण फोन आधी विकले गेले होते, पूर्ण किमतीला, आणि विकताना कुणीही सांगितलं नव्हतं की तुमच्या गावात हा निम्मा दिवस नुसता पडून राहील.

पैशाचं बोलू. पॅक मारलेला नसेल तर डेटाचा दर होता १० केबीला १० पैसे. ऐकायला किरकोळ. हिशेब केला तर एका एमबीला दहा रुपयांच्या वर. पन्नास रुपयांचं रिचार्ज पाच एमबीही पुरायचं नाही. आणि हा फोन मालकाला न विचारता आपलं आपण इंटरनेटवर जायचा: मेल बघायला, हवामान आणायला, ॲप अपडेट करायला. पॅकची मुदत रात्री बाराला संपायची, फोन उशाशी पडून चालूच, सकाळी बॅलन्स शून्य. दवाखान्यातून घरी फोन लावायला गेलेल्या माणसाला 'आपल्या खात्यात पुरेशी रक्कम नाही' असं ऐकावं लागलं, तर त्याला मी चोरीच म्हणतो. नेट बंद ठेवायला लोक सेटिंगमध्ये जाऊन एपीएनच्या नावात मुद्दाम एक अक्षर जास्तीचं घालत, म्हणजे जोडणीच होऊ नये. स्वतःच्या खिशाचं रक्षण करायला स्वतःचा फोन बिघडवून ठेवायचा! ग्राहकाच्या स्पष्ट होकाराशिवाय डेटा चालू करायचा नाही आणि १९२५ या नंबरवरून तो बंद-चालू करता आला पाहिजे, हा दूरसंचार नियामक ट्रायचा नियम लागू व्हायला १ सप्टेंबर २०१५ उजाडला.

वेगाचं काय सांगू? टू-जीवर सेकंदाला पाच केबी मिळाले तरी चांगली रेंज म्हणायची. त्या वेगाने दहा एमबीचं एक ॲप उतरायला चौतीस मिनिटं. मध्येच कुणाचा फोन आला की डेटा थांबायचा, आणि बहुतेक वेळा सगळं पहिल्यापासून. घरच्या माणसाचा फोन आला म्हणून मनात चरफडायची वेळ माणसावर येऊ नये. पण यायची.

आता भाषा. माझा खरा राग इथे आहे.

मराठीत एसएमएस पाठवणं महाग पडायचं, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसत, देवनागरीत ७०. त्यातही फोन काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण हे सगळं सुटं मोजतो. 'गंगाखेड' आपल्याला चार अक्षरी, फोनच्या हिशेबात सात. एसएमएसला रुपया पडायचा त्या दिवसांत इंग्रजी अक्षरांत रुपयात जाणारा निरोप मराठीत दोन-तीन रुपयांना जायचा. मग पुण्याला कंपनीत लागलेल्या पोरांनी घरी रोमन अक्षरांत मराठी लिहायला सुरुवात केली. ती घरी वाचणार कोण? जी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली, जी पोथी वाचते, एसटीची पाटी वाचते, पेपर वाचते, तिला पोटच्या पोराचा निरोप वाचायला शेजारच्या कॉलेजातल्या पोराला हाक मारावी लागली. साक्षर बाईला दोन इंची पडद्याने निरक्षर केलं. आणि आपण सगळ्यांनी ते चालवून घेतलं, कारण रोमन लिहिणं आधुनिक वाटत होतं.

स्मार्टफोन आल्यावर हे सुधारायला हवं होतं. बिघडलं. साध्या फोनवर निदान कंपनीने घातलेली हिंदी-मराठी अक्षरं दिसायची. स्वस्तातल्या सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन यायचे. कुणी खटपट करून फाँट घातलाच तर जोडाक्षरं तुटलेली, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरामागे. 'विद्यापीठ' वाचताना ठेचा लागायच्या. १९७२ पासून परभणी शहरात कृषी विद्यापीठ आहे, त्याचं नाव त्याच शहरातल्या माणसाच्या फोनवर धड उमटत नव्हतं. उर्दूची गत वेगळी नव्हती. तिच्या लिपीचं नस्तालीक वळण फोनवर दिसायला तर आणखी वर्षं गेली. गांधी पार्क, स्टेशन रोडकडच्या दुकानांत दिवसभर लोकांचे फोन दुरुस्त करणाऱ्या कित्येक कारागिरांना त्या फोनवर स्वतःची मातृभाषा वाचता येत नव्हती.

तरीही लोकांनी वाट काढली. ऑपेरा मिनी नावाच्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी 'ऑपेरा', मग दोन टिंबं, मग 'कॉन्फिग' असं टाकायचं. एक लपलेलं पान उघडायचं. त्यात अगदी तळाशी गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरायची सोय होती. तिथे 'नो'चं 'यस' करायचं. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराची चित्रं करून पाठवायचा आणि पेपर वाचता यायचा. ही युक्ती माहितीपत्रकात नव्हती. होस्टेलच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, तोंडी पसरली. मला त्या पोरांचा अभिमान वाटतो. पण मराठी वाचायला मराठीची चित्रं मागवावी लागली, आणि चित्रांना डेटा जास्त लागतो म्हणून आपल्याच भाषेचे पुन्हा जास्तीचे पैसे पडले, हेही मी विसरायला तयार नाही.

अँड्रॉइडच्या मेनूत मराठी आली ती पाचव्या आवृत्तीत, २०१४ साली. त्याच आवृत्तीत आइसलँडिक भाषाही आली. आइसलँडची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या परभणी जिल्ह्याची १८ लाख ३६ हजार. मराठी मातृभाषा सांगणारे देशात ८ कोटी ३० लाख. आइसलँडच्या लोकांना त्यांची भाषा मिळाली याचा मला आनंदच आहे. त्यांनी ती हट्टाने जपली आहे. प्रश्न आपल्याला आहे. आठ कोटी गिऱ्हाइकांनी दुकानात उभं राहून 'यात मराठी आहे का?' एवढं विचारलं असतं, तर हे २०१४ पर्यंत लांबलं नसतं. आपण विचारत होतो ते मेगापिक्सेल किती.

सरकारला जाग आली आणखी नंतर. विकायला येणाऱ्या प्रत्येक फोनवर भारतीय भाषा वाचता आल्याच पाहिजेत, असं सक्तीचं मानक २०१६ मध्ये निघालं. तोवर एक पिढी रोमनमध्ये मराठी लिहायला शिकून बसली होती, आणि आज कीबोर्ड हाताशी असूनही तिची बोटं देवनागरीकडे वळत नाहीत.

बोटांवरून आठवलं. मानवतकडचे माझे एक मामा. कापूस वेचून, विळा-खुरपं धरून हात राठ झालेले. भाच्यांनी हौसेने नवा फोन घेऊन दिला. मामा पडद्यावर बोट ठेवतात, काही होत नाही.

"मामा, दाबू नका, नुस्तं टेकवा."

"आरं टेकवायलोच की! ऐकायलंच नाही हे."

"तुम्हाला जमंना गेलंय, द्या इकडं."

मामांनी फोन दिला आणि पुन्हा मागितला नाही. त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं की मामा बरोबर होते. हा कपॅसिटिव्ह पडदा बोटाच्या कातडीतून विजेचा सूक्ष्म बदल ओळखतो. कातडी जाड आणि कोरडी असेल तर तो बदल त्याला नीट कळत नाही. म्हणजे ज्याने आयुष्यभर हातांनी काम केलं त्याचाच हात या फोनला ओळखता येत नव्हता. त्याआधीचे रेझिस्टिव्ह पडदे, उदाहरणार्थ २०१० च्या नोकिया ५२३३ चा, दाब ओळखायचे. नखाने चालायचे, काडीने चालायचे. मामांना तो जमला असता. पण ते तंत्र जुनाट ठरलं, कारण गुळगुळीत बोटांनी पडदा सरकवणाऱ्यांना ते जड वाटत होतं. 'तुम्हाला जमत नाही' हे वाक्य त्या वर्षांत मराठवाड्यातल्या किती वडीलधाऱ्यांनी ऐकलं असेल! शंभरातल्या नव्वद वेळा दोष फोनचा होता.

उन्हाचंही तसंच. ॲपलने आयफोन वापरायला हवेचं तापमान ठरवलं आहे ० ते ३५ अंश. परभणीत ३५ अंश मार्चमध्येच मागे पडतात आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर मुक्काम ठोकतो. आयफोन ऑगस्ट २००८ मध्ये भारतात आला, ३१ हजारांना. या हवेचं काय, हे त्या वेळी विचारायला हवं होतं.

मग ती सूचना: जागा अपुरी आहे. गॅलक्सी वायमध्ये ॲपसाठी साधारण १८० एमबी जागा. व्हॉट्सॲप टाकलं, फेसबुक टाकलं, गूगलच्या स्वतःच्या ॲप्सनी अपडेट घेतलं की फोन भरला. कार्डात दोन जीबी मोकळे असले तरी उपयोग नाही. बरीचशी ॲप्स कार्डावर जातच नसत. फोन हँग व्हायला लागला की दुकानात न्यायचा. तिथे एकच इलाज: 'सॉफ्टवेअर मारावं लागंल.' दोनशे-तीनशे रुपये आणि फोन कोरा. नंबर गेले, निरोप गेले, फोनच्या मेमरीतले फोटो गेले. त्या फोटोंची दुसरी प्रत कुठेही नसायची. बॅकअप म्हणजे काय हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि टू-जीवर फोटो इंटरनेटवर चढवायचे म्हटले तर रात्र सरली असती. किती घरांत आजीचा एकुलता एक फोटो असा पुसला गेला असेल. दुकानदाराला मी बोल लावत नाही, तो त्याच्याकडच्या अवजारानं काम करत होता. कार्डात जागा असताना फोनला गुदमरायला लावणारी रचना ज्यांनी केली, त्यांचा हा दोष आहे.

आणि ज्यांनी फोन जिवापाड जपला, त्यांचं काय झालं? नोकियाच्या सिंबियन फोनांवरचं व्हॉट्सॲप ३० जून २०१७ ला बंद झालं. अँड्रॉइड २.३ वरचं १ फेब्रुवारी २०२० ला. बॅटरी ठीक, पडदा ठीक, आवाज ठीक. पण शाळेचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, बाजारभावाचा ग्रुप एका तारखेला बंद. चालती वस्तू टाकून द्यायची सवय आपल्याकडे नव्हती. ती अशी लावली गेली.

हे सगळं जुनं झालं, आता फोर-जी आहे, डेटा स्वस्त आहे, असं म्हणणाऱ्यांनी एकदा खरिपात पालम किंवा सोनपेठ तालुक्यात जावं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवर ॲप घ्यायचं, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, नोंद करायची. कल्पना मला पटते. तलाठ्याच्या चकरा वाचतात, पेरलं एक आणि सातबारावर दुसरंच असं होत नाही. पण घरातला चांगला फोन शिकणाऱ्या पोराकडे असतो, पुण्यात नाहीतर संभाजीनगरात. बापाकडे उरतो तो जुना, भरलेला, तडकलेल्या काचेचा. जागा नाही म्हणून ॲप उतरत नाही. उतरलं तर जीपीएस लागत नाही. लागलं तर सर्व्हर चालत नाही. तेच २०११ साल पुन्हा, फक्त आता पणाला गाणी-फोटो नाहीत, सातबारा आहे.

पीकविम्यात तर घड्याळ लावलेलं होतं. नुकसान झालं की ७२ तासांत कळवावं लागायचं. सप्टेंबर २०२१ च्या शेवटी गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने मराठवाडा बुडाला. सोयाबीन पाण्यात, रस्ते बंद, लाईट नाही, टॉवर बंद, फोनची बॅटरी संपलेली. ७२ तास मात्र चालू. टोल फ्री नंबर होता, पण तोही त्याच बंद फोनवरून लावायचा होता. तालुक्याला जाऊन अर्ज द्यायचा तर ओढ्याला पूर.

माझी मागणी साधी आहे आणि कृषी व महसूल खात्याला ती परवडणारी आहे. शेतकऱ्यांच्या नावाने कुठलंही नवं ॲप निघण्याआधी ते मुंबईतल्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवू नका. चार-पाच वर्षं वापरलेला, मेमरी भरत आलेला फोन घ्या. ऑगस्टमधल्या पावसाळी दिवशी पालमच्या पुढे एखाद्या सोयाबीनच्या शेतात जा. फोनची बॅटरी पंधरा टक्के ठेवा, ॲप मराठीत उघडा, आणि ज्या अधिकाऱ्याची त्या ॲपच्या आदेशावर सही असेल त्याने ओल्या, मातीने भरलेल्या हातांनी एका गटाची नोंद पूर्ण करून दाखवावी. नोंद झाली तर आदेश काढा. झाली नाही तर ॲप दुरुस्त होईपर्यंत ७२ तासांसारखी अट लावू नका.